जाळी नसलेला पंखा

कपिलाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं.

जीनच्या बंगल्याच्या खिडकीशी एक अनोळखी तरुण वाकून उभा होता. हातात दाढीचा गोल आरसा. वैशाखातलं ऊन त्या आरशात धरून तो गजांमधून आत सोडत होता, आणि उजेडाचा तो तुकडा आतल्या काळोखात भिंतीवरून, कपाटावरून सरकत काहीतरी शोधत होता.

दामळगावात त्या खिडकीपाशी कुणी उभं राहत नसे. कापसातली सरकी काढणारी ती जीन कधीचीच बंद पडली होती. यंत्रं गेली, माणसं गेली, मॅनेजरचा बंगला तेवढा उरला. तापीकाठच्या शेतांकडे जाणारे गडी लांबचा वळसा घेत, पण त्या वाटेने येत नसत. येत होती ती एकटी कपिला – शाळेतली मास्तरीण. उन्हाळ्यात शाळा सकाळची असे, आणि ही वाट घराच्या जवळची होती. घाबरण्याचा तर प्रश्नच नव्हता. गावाच्या मते ज्याला घाबरायचं, ते तिच्या अंगात आधीच शिरलेलं होतं.

मऊ फुफाट्यात तिची पावलं वाजली नाहीत. त्याने आरसा जरा तिरका केला – आणि आरशात, त्याच्या खांद्यामागे, एक गंभीर चेहरा उमटला.

तो असा दचकला की आरसा हातातून सुटून दगडावर फुटला.

"कोण... कोण आहे?"

"हे मी विचारायचं," कपिला म्हणाली.

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते, धुळीने माखलेले होते. तरी त्याने विचारलंच – "तुम्ही... माणूसच ना?"

"दुपारपर्यंत तरी."

तो हसला. घाबरलेला माणूस इतक्या लवकर, इतकं मोकळं हसू शकतो हे कपिलाने कधी पाहिलं नव्हतं. तिने नजर वळवली, पण ओठांचा कोपरा तिचं ऐकेना.

त्याचं नाव वल्लभ. मूळचा तापीपलीकडच्या गुजर घरातला, पण मामाकडे सुरतेला वाढलेला, विजेच्या कामाचा डिप्लोमा घेतलेला. सुरतेत एक म्हातारे पारशी बावाजी होते. त्यांना विजेच्या जुन्या पंख्यांचा नाद. दिवाणखानाभर पंखे मांडून ठेवलेले. कुठे जुना पंखा आहे असं कळलं की ते वल्लभला पाठवत – खरा आहे का, कोणत्या सालचा, कोणता भाग मूळचा आणि कोणता मागून बसवलेला, हे ओळखून यायला. जीनचे मालक आता अहमदाबादेला असत. त्यांच्याच तोंडून बावाजींनी या पंख्याचं ऐकलं होतं.

"किल्ली कुणाकडे असेल?" त्याने विचारलं.

"माझ्या वडिलांकडे," कपिला म्हणाली. "पण तुमच्याबरोबर आत यायला गावात कुणी मिळायचं नाही."

"तुम्हीसुद्धा नाही?"

ती उन्हात चालू लागली. तो आरशाचे तुकडे गोळा करून मागून आला...

*

कपिलाच्या वडिलांनी, चुनीलालकाकांनी, किल्ली दिली. मालकांचा निरोप आधीच आला होता – बंगल्यातलं जे ज्याला हवं ते द्या, बाकी मोडीत काढा. पावसाळ्यानंतर बंगला पाडून तिथे सोसायटीचं गोदाम होणार. बाहेरचा माणूस आणि तरणी मुलगी एकटी कशी सोडायची, म्हणून कपिलाची आई जमनाबाई बरोबर निघाली. ती मात्र उंबऱ्याच्या आत गेली नाही. ओट्यावर, उघड्या दाराशी, कापसाच्या वाती वळत बसली.

आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार होती. बंद घराचा जो कुबट वास असतो तोही नव्हता. एका कोपऱ्यात लोखंडी पाळण्यासारखी छोटी खाट, आणि तिच्या उशाशी सागवानी टेबलावर तो पंखा – काळा, जड, पितळी पात्यांचा.

वल्लभचा आवाज आपोआप खाली आला. तो गुडघ्यांवर बसला. पंख्याच्या पोटावरची पट्टी त्याने ओल्या फडक्याने पुसली आणि वाचू लागला, जसं कुणी देवळातला शिलालेख वाचावा.

"एकशेदहा व्होल्ट, डी.सी. म्हणजे घरातल्या विजेवरचा नाही, जीनच्या स्वतःच्या डायनामोवरचा. आणि हे पाहा – पेटंटच्या तारखा. शेवटची एकोणीसशे नऊची. त्याआधीचा असूच शकत नाही."

"आणि नंतरचा?"

त्याने चमकून वर पाहिलं. असा नेमका प्रश्न त्याला फारसं कुणी विचारत नसे. "बूड पाहा. एवढं रुंद ओतीव बूड कंपनीने पुढे दोन-तीन वर्षांत बंद केलं. म्हणजे दहा किंवा अकरा साल. वय पन्नास. तुमच्या-माझ्या वडिलांएवढा."

"मग त्याला अहो म्हणायला हवं," कपिला म्हणाली.

तो हसला, आणि हसता हसता थांबला. पंख्याला जाळी नव्हती. बसवण्याची भोकं होती, स्क्रू नव्हते, जाळी नव्हती. पाती उघडीच. त्याने एकेक पातं उजेडाकडे वळवलं. तीन पात्यांवर हिरवट काळा थर चढला होता, पितळ पन्नास वर्षं न पुसता राहिलं की चढतो तसा. चौथ्या पात्याची कड मात्र लखलखीत होती. नुसती लखलखीत नाही, तर झिजलेली, पातळ झालेली. देवळाच्या घंटेचा लोळा हात लागून लागून झिजावा तशी.

"याला कोण हात लावतं?" त्याने हळूच विचारलं.

"कुणी नाही."

"कुणीतरी लावतं. एका पावसाळ्यात पितळ काळं पडतं. ही कड... ही रोजची आहे."

बाहेर जमनाबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

कपिला खिडकीशी गेली. गावात कुणाकडून तरी, तिखटमीठ लावलेलं, त्याने ऐकावं त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं तिला वाटलं. का वाटलं – एवढं त्याच्या मताचं काय पडलं होतं – हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"मी सहा वर्षांची असताना हरवले होते," ती म्हणाली. "तापात उठून चालत सुटले. सकाळी इथे सापडले, त्या खाटेवर. ताप उतरला होता. सगळे विचारायला लागले, तर मी सांगितलं – बाई हवा घालत होती. पंखा फिरत होता." तिने खिडकीचा गज धरला. "तेव्हापासून मी धरलेली. दोनदा सोयरीक आली, दोनदा ऐकून परत गेली. गुरुवारी तिसरी यायचीय. म्हसावदहून."

ती वाट पाहत होती – हसण्याची, समजूत काढण्याची, 'ताप डोक्यात गेला असेल' या वाक्याची. तिन्हींतलं काहीच आलं नाही.

"ती बाई कशी होती?" वल्लभने विचारलं.

आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं.

"थकलेली," कपिला म्हणाली.

*

जाळीशिवाय पंखा अपुरा. आणि वल्लभला अपुरं काही परत न्यायचं नव्हतं. गावातला शोध दोघांनी मिळून केला. निदान त्याने तसं सांगितलं. कपिलाला मात्र वाटत राहिलं, की जिथे जाळी असण्याची काहीच शक्यता नाही अशा ठिकाणीही हा मोठ्या उत्साहाने चालत जातो. केळीच्या बागेत पंख्याची जाळी कशाला असेल?

"एक विचारू?" तिने त्या बागेत म्हटलं. जमनाबाई पाटापलीकडे होती. "तुम्ही मला नावाने हाक का मारत नाही? नुसतं 'ऐका', 'पाहा', 'इकडे'..."

त्याने केळीच्या पानाची कड बोटाने उगाच फाडली. "आमच्या सुरतेत बाईच्या नावापुढे 'बेन' लावावं लागतं. बहीण मानायची रीत आहे."

"मग लावा की."

"तेच तर... ते मला लावायचं नाही."

पाटातलं पाणी जरा जास्तच मोठ्याने वाहत असल्यासारखं वाटलं. कपिला पुढे चालू लागली, आणि कितीतरी वेळ तिने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा चेहरा त्याला दिसला असता.

जाळी सापडली रुखमाबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणात. वय साठीपलीकडचं, घर नातवंडा-पतवंडांनी गजबजलेलं. तारांच्या नक्षीची ती गोल जाळी कोंबडीच्या पिल्लांवर उपडी घातलेली होती.

"हाई जाळी?" रुखमाबाईने पिल्लं सोडली. "हाई त्या मडमसारख्या बाईनी शे. मॅनेजरनी बायको. मी तिना पोऱ्याले खेळावाले व्हती तठे." ती ओट्यावर टेकली. "पोऱ्या तापमां पडेल व्हता. त्यानासाठी ममईथीन पंखा मंगाडा. मंग जीनले सुट्टी लागनी, डायनामो बंद. पंखा बंद. बाईनी सोताना हातनी जाळी काढी, फेकी दिन्ही... आनि बोटनी पंखा फिरावत बठनी. दिनरात. बोटं कापाई गयात. मी म्हणू, बाई, मी फिरावस. तर नही म्हणे."

"आणि मूल?" वल्लभने विचारलं.

"पोऱ्या गया." रुखमाबाई पिल्लांकडे पाहत राहिली. "ते कोणी तिले सांगं नही. ती फिरावतच व्हती."

परतताना वल्लभने जाळी छातीशी धरली होती. कपिलाच्या डोळ्यांसमोर ती झिजलेली कड येत होती.

*

जाळी त्याने त्याच दिवशी बसवली. स्क्रू नवे घातले, घट्ट आवळले. खिडक्या आतून लावल्या, दाराला कुलूप लावून किल्ली कपिलाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप तसंच होतं. आत जाळी जमिनीवर पडली होती. स्क्रू खिडकीच्या चौकटीवर एका ओळीत ठेवलेले होते – पीठ मळायच्या आधी बाईने बांगड्या काढून ठेवाव्यात, तसे नीट.

वल्लभने ते हातात घेतले. एकाचेही आटे मोडलेले नव्हते.

"किल्ली..."

"रात्रभर माझ्या उशाखाली होती," कपिला म्हणाली.

बाहेर वारा अगदी पडला होता. लिंबाचं पानही हलत नव्हतं. जमनाबाई ओट्यावर, उघड्या दाराशी, वाती वळत होती. आणि मग त्या बंद खिडक्यांच्या खोलीत, जराशा कुरकुरीनंतर, पातं हललं.

वीज लागल्यावर पंखा फिरतो तसं नव्हतं ते. एक पातं ढकललं गेलं – थांबलं. पुन्हा ढकललं गेलं – थांबलं. मग जरा भरभर. जसं कुणी दमून, हात बदलून, पुन्हा जोर धरावा. प्रत्येक वेळी ती चकचकीत कडच पुढे येत होती.

वल्लभ सरकत पुढे गेला. मोटारीवर हात ठेवला – गार. वायरीचं टोक तुटकं, कशालाही न जोडलेलं. त्याने खिशातला कागदाचा कपटा खिडकीच्या फटीशी धरला. तो हलला नाही. पंख्यासमोर धरला, थरथरला. ओल्या फडक्याच्या घडीचा, आजारी खोलीतला वास आला. हवा त्यांच्या अंगावर नव्हती येत. ती खाटेवर जात होती.

कपिलाच्या मनगटाभोवती बोटं आवळली गेली. गरम होती. जिवंत होती. त्याचीच होती.

"तुम्ही घाबरलात?" तिने पुटपुटत विचारलं.

"हो."

"मग हात सोडा. पळायला बरं पडेल."

"म्हणूनच नाही सोडत."

मग पातं सावकाश थांबलं. खोली पुन्हा तापू लागली. तिला रडू आलं. भीतीने नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या शेजारी उभं राहून तेच पाहणारं कुणीतरी होतं म्हणून.

"मी पाहिलं," तो म्हणाला. "कपिला... मी पाहिलं."

नावापुढे त्याने काहीच लावलं नव्हतं.

*

म्हसावदची मंडळी गुरुवारी आली. मुलाचे वडील मगनभाई, आई सिंधुबाई, बरोबर चार नातेवाईक. माणसं वाईट नव्हती. सिंधुबाईंनी कपिलाला जवळ बसवून तिचे केस मागे सारले. त्यांच्याही कानावर गावातली कुजबूज आली होती.

चुनीलालकाकांनी सकाळीच वल्लभला गाठलं होतं. आयुष्यात कुणापुढे हात न जोडलेला माणूस. "तुम्ही शिकेल शेतस," ते हात जोडून म्हणाले. "इतलंच सांगा त्यास्ले – पंखाले तार नही, तो फिरणार नही. हाई काय खोटं शे?"

खोटं नव्हतंच ते. पण वल्लभ पेचात पडला होता. तसं सांगावं तर तिचं लग्न ठरेल, दुसऱ्याशी. खरं सांगावं तर तिसरी सोयरीक मोडेल, आणि लोक म्हणतील, याच्या मनात होतं म्हणून याने मोडली. कोणत्याही बाजूने बोललं तरी आपलं मन मधे येणारच होतं.

"पोरी, एकच गोट," सिंधुबाई म्हणाल्या. "ते लहानपननं खोटं व्हतं, असं चार जनस्मां सांगी दे. मंग आजच नारळ देसूत."

कपिलाने मान खाली घातली. चुनीलालकाकांनी घाईने वल्लभकडे हात केला. "ह्या सुरतना इंजिनेर शेतस. ह्यास्ले इचारा ना!"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. वल्लभ उठला. त्याने चुनीलालकाकांकडे पाहिलं नाही, मगनभाईंकडे पाहिलं नाही. भरल्या बैठकीत, रीत सोडून, त्याने सरळ कपिलाला विचारलं –

"काय सांगू?"

तिने वर पाहिलं. नारळ समोर ताटात होता. एक शब्द, आणि गावातली कुजबूज कायमची बंद...

"पाहिलं ते सांगा," कपिला म्हणाली.

"पंखा फिरतो," वल्लभ म्हणाला. "तार नाही, वीज नाही, वारा नाही. का फिरतो ते माझ्या शास्त्रात नाही. पण फिरताना मी पाहिला. ही मुलगी सहाव्या वर्षी खोटं बोलली नव्हती."

मगनभाईंनी टोपी सारखी केली. चुनीलालकाकांचा चेहरा लाल झाला. "तू... तू मन्ही पोरनं वाटोळं करं! तुले कसाना सवार्थ शे, माले समजत नही का?"

"मी बी देखं."

आवाज माजघराच्या दारातून आला होता. जमनाबाई पदर नीट करत उभी होती. परक्या पुरुषांसमोर ती आजवर बोलली नव्हती.

"वट्टावरतीन देखं. दार उघडं व्हतं. पातं फिरनं, आनि कोणीच नव्हतं तठे." ती नवऱ्याकडे वळली. "आते पोरले खोटी म्हणो नका. आनि त्यालेबी म्हणो नका."

म्हसावदची मंडळी चहा न घेताच उठली. जाताना सिंधुबाईंनी कपिलाच्या गालावरून हात फिरवला.

*

पंखा सुरतेला गेला नाही. बावाजींना जे सांगायचं ते आपण तोंडाने सांगू, असं वल्लभ म्हणाला – पंखा अस्सल आहे, दहा-अकराचा आहे, आणि तो नेण्यासारखा नाही. पण बंगला पडल्यावर त्याचं काय? कपिलाला घास गिळवेना. ती बाई मग कुठे जाईल?

तोडगा रुखमाबाईने काढला. बैलगाडी घेऊन ती स्वतःच बंगल्याशी आली.

"मन्हा घर ठेवा," ती म्हणाली. "मन्हा घर पोरंच पोरं शेतस. तिले कोणी तरी लागस ना."

वल्लभ पंखा मांडीवर घेऊन गाडीत बसला, कपिला खाट धरून. रुखमाबाईच्या आतल्या खोलीत, जिथे पतवंडं दुपारी ओळीने झोपत, तिथे त्यांनी तो ठेवला. जाळी न लावता. भर वैशाखात, पत्र्याच्या त्या घरात, मुलं त्या दुपारपासून न किरकिरता झोपू लागली. आया मात्र कुणालाही काही सांगत नसत. नुसतं दार लोटून घेत.

त्यानंतर दोन दिवसांनी वल्लभ निघाला. शहाद्याच्या एस.टी.साठी तो फाट्यावरच्या चिंचेखाली थांबला होता. कपिला शाळेतून सरळ तिथे आली. बोटांना खडू तसाच.

"एक खरं सांगाल?" ती म्हणाली. "पाहिलं नसतं तर काय सांगितलं असतं?"

"पाहिलं नाही, असं."

"माझ्यासाठीसुद्धा... खोटं नाही?"

"नाही. पण तुम्ही खोटं बोललात असंही म्हटलं नसतं. मी रोज दुपारी तिथे जाऊन बसलो असतो. दिसेपर्यंत."

लांबून धुळीचा लोट दिसू लागला. एस.टी. येत होती. वल्लभने ट्रंक उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मी सकाळी तुमच्या बापूंकडे गेलो होतो," तो म्हणाला.

"ते ओरडले असतील."

"बराच वेळ. मग पाणी प्यायले. मग तुमच्या आईकडे पाहिलं. मग म्हणाले – पोरले इचार."

एस.टी. थांबली. कंडक्टरने दार उघडलं, घंटीच्या दोरीला हात घातला. "चला, कोण शहादं? चला लवकर!"

वल्लभ जागचा हलला नाही. नुसता तिच्याकडे पाहत उभा राहिला, पहिल्या दिवशी खिडकीशी होता त्याहून जास्त घाबरलेला.

कपिलाने पदराच्या टोकाने बोटांवरचा खडू पुसला, आणि शाळेतली सगळी मराठी बाजूला ठेवून म्हणाली –

"मंग इचार ना!"